तेरा सप्टेंबरचे ऋण
परळी वैजनाथ, १३ सप्टेंबर.

१७ तारखेच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाची तयारी तहसील कचेरीत चालू आहे. परंतु १९४८ साली आजच्याच पहाटे सोलापूरकडून निघालेल्या ज्या भारतीय सैन्याने नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हस्तगत केला, आणि ज्याच्यापुढे आमच्या बीड जिल्ह्यावरील निजामी अंमल पाचव्या दिवशी शरण आला, त्या जवानांचे स्मरण आज येथे कोणी केल्याचे दिसले नाही, याचा मनाला विषाद वाटतो.

सायंकाळी वैद्यनाथाच्या पायऱ्यांवर एक वृद्ध निवृत्त सुभेदार भेटले. काठीवर दोन्ही हात, पाठ मात्र ताठ. मी आभार मानताच ते म्हणाले, “ते आमच्या आधीचे, नमस्कार त्यांना.”

निजामसमर्थक रझाकारांच्या जुलमातून सुटलेल्या या मुलखाने १७ तारखेला माजी सैनिकांना अग्रभागी सन्मानाने बसवावे, ही माझी कळकळीची विनंती.