अपघात उलटा वाचणारा माणूस

अभ्युदय नगरात माझी वीस वर्षं गेली आणि बंपर सरळ कसा करतात हे मला परवाच्या रविवारी कळलं! दूध आणायला उतरले होते. कॉटन ग्रीनच्या बाजूच्या गॅरेजसमोर एक थोराड निळा ट्रक उभा दिसला आणि दूध पिशवीतच राहिलं.

तो शक्तिमान होता. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर 1959पासून जबलपुरात बनलेला, 1965 आणि 1971ची युद्धं पाहिलेला शक्तिमान! लष्कराच्या लिलावातून सुटून आता शूटिंगला भाड्याने जातो. निळा का, तर लष्कराचा हिरवा रंग खासगी गाडीला लावायला कायद्याने बंदी आहे. कुठल्याशा फाटकाच्या खांबाला धडकून त्याच्या पुढच्या बंपरचा उजवा कोपरा मागे वळला होता. बंपर म्हणजे आपल्या गाड्यांचा प्लॅस्टिकचा नव्हे; जाड पत्र्याचा चॅनल, दोघांनी मिळून उचलावा असा. रात्रभर घासलेट पाजून सैल केलेले बोल्ट फिरवून तो नुकताच उतरवला होता.

मला वाटलं, आता घण घेतील आणि वाकलेल्या कोपऱ्यावर घालतील. गॅरेजच्या मिस्त्रींनी घणाला हातही लावला नाही. बंपरच्या सरळ भागाला धरून दोरी ताणली. उजव्या कोपऱ्याशी ती साडेचार इंच अधांतरी. मग ते रंगाकडे बघत राहिले. बंपरवरून बोट फिरवत चालले आणि जिथे जिथे रंगाला बारीक चिरा होत्या तिथे खडूने खुणा केल्या. एक, दोन, तीन. लोखंड जिथे ताणलं जातं तिथे वरचा रंग फुटतो, म्हणजे मार कुठून कुठे गेला त्याचा माग रंगातच राहतो! तिसरी खूण तर धडकेपासून इतकी लांब, पार मधल्या भागात, की मला तिथे वाक दिसतच नव्हता. दोरी लावल्यावर दिसला: पुढे आलेला जेमतेम तीन सुतांचा फुगवटा.

"ताई, सुरुवात इथून," ते म्हणाले. "कोपरा पहिला वाकला, हे शेवटी वाकलं. शेवटचं आधी काढायचं. कोपऱ्याला आधी हात लावला तर सगळा बंपर पिळतो."

काय सांगू, अंगावर काटा आला! हा माणूस अपघात उलटा वाचत होता.

फुगवटा एका लोखंडी गर्डरकडे करून दोन्ही टोकं साखळीने गर्डरला आवळली आणि मधे बॉटल जॅक उभा केला. तो गर्डर दारूखान्यातून आणलेला, तोडलेल्या जहाजाचा. पलीकडे रे रोडच्या धक्क्यावरचा हा दारूखाना, जिथे 2014 मध्ये आपली जुनी विमानवाहू नौका विक्रांत तोडायला घेतली, तिथल्या लोखंडाला टेकून लष्कराचा ट्रक सरळ होतोय, या कल्पनेनेच मी हरखून गेले. जॅक चढत गेला, साखळी किणकिणली, फुगवटा बसला.

कोपऱ्यासाठी मात्र बंपर उलटा केला आणि गॅसचा टॉर्च पेटवला. ती निळी ज्योत 3000 अंशांच्या वरची, पण लोखंड त्यांना हवं होतं ते गर्द लाल, सुमारे 750 अंशांचं. मापक कुठलंच नाही. सावलीसाठी वर गोणपाट धरलेलं, आणि त्याखालच्या रंगावर मिस्त्रींची नजर. फक्त घडीची रेघ तापवली, आजूबाजूचं नाही. निळा रंग करपून गळाला, खालून हिरवा निघाला, आणि त्या हिरव्यावर पिवळ्या वर्तुळाची एक कमान! पुलाच्या पहारेकऱ्याला लांबून कळावं, की हे ओझं पूल पेलेल का, म्हणून फौजी गाड्यांवर पिवळ्या वर्तुळात वजनाच्या वर्गाचा आकडा रंगवतात. आतला आकडा घासून गेला होता. वर्तुळ मात्र होतं, निळ्याखाली इतकी वर्षं. ट्रकच्या मालकाने धावत येऊन फोटो काढला.

लोखंड लाल असतानाच जॅकने कोपरा जवळजवळ सरळ केला. तापलेल्या लोखंडावर पाणी मारायचं नाही. आपल्या आपण निवू द्यायचं. पाऊण तास आम्ही नुसते बसलो. चहा आला, मला खुर्ची आली.

शेवटचे दोन सूत थंड लोखंडावर काढायचे होते. "हँडल मारा, ताई," मिस्त्री म्हणाले. मी मारलं! एकेक झटक्याला कोपरा हलत होता, दोरीला टेकला आणि तरी ते "अजून, अजून" म्हणत होते. दोरी पुढे ढकलली गेली, तीन सूत पलीकडे गेला कोपरा, मी घाबरून थांबले.

"लोखंड मागे येतं. त्याचं त्याला देऊन ठेवायचं," म्हणत त्यांनी जॅकचा स्क्रू सोडला. खटकन आवाज झाला. कोपरा सावकाश मागे आला, आणि दोरीला बरोब्बर लागून थांबला.