आधीं हौद

अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या हक्कांविषयीं आम्ही पुणेकर मोठ्या आवेशानें बोलतों. १८६५ सालीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपली. तरी दक्षिणेंतील काळ्यांचें मत सुरक्षित होण्यास १९६५ चा कायदा यावा लागला, हें सांगतांना आमचा स्वर चढतो. गुलामांस दास्यमुक्त केल्याच्या गौरवार्थ जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या देशांतील भल्या लोकांस अर्पण केला. परंतु त्यापूर्वीं, १८६८ सालींच, त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. आधीं हौद, मग अर्पणपत्रिका! आमच्या स्वयंपाकघरांत मात्र मोलकरणीचा पेला अजूनहि निराळा आहे. तो आमच्या पेल्यांत मिसळला जात नाहीं, तोंवर अमेरिकेस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कोठून येणार?