आधी आईला विचारा

जोहे गावात गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाचा हंगाम ऐन भरात होता. असेच रंगकाम करणाऱ्या आमच्या वस्तीतील एका भावाच्या सहा दिवसांच्या मुलीने दुपारी रक्ताची उलटी केली. कोणी भगताचे नाव काढले. आजी सुनेवर घसरली, "हिचंच दूध बाधलं!" बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात भगत येणार नाही, असे आम्ही बजावले आणि १०८ ला फोन लावला.

पेणहून पुढे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथे आम्ही ठणकावले, "डॉक्टरबाई, दुर्बीण घालून पोट बघाच. गरीब म्हणून टाळू नका." बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बाळ तपासले, जन्मल्यावर 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्याची नोंद पाहिली आणि सुनेला विचारले, "दूध पाजताना दुखतं का गं?"

सून रडू लागली. स्तनाग्रांना चिरा पडून दोन दिवस रक्त येत होते. घरात सांगायची सोय नव्हती.

उलटीतले रक्त तपासले गेले. १९५५ साली डॉ. ॲप्ट यांनी मांडलेली ही साधी परीक्षा. अल्कली घातल्यावर नवजात बाळाचे रक्त गुलाबी राहते, आईचे पिवळट तपकिरी होते. रक्त आईचेच निघाले. दुर्बीण लागली नाही. बाळाला छातीशी नीट कसे धरावे ते शिकवले, दूध चालू ठेवले.

बाईंनी आम्हाला समजावून सांगितले. नवजात बाळासाठी सहा मिलिमीटरपेक्षा बारीक दुर्बीण असते. पण ती घालताना श्वासाला धोका पोचू शकतो. रक्त बाळाचेच असेल, थांबत नसेल, बाळ फिकट पडत असेल, तर ती वापरतात. नुसते दूध ओकण्यासाठी नाही. हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडल्याची शंका असते. तेव्हा दुर्बिणीची नव्हे, तातडीने क्ष-किरण तपासणीची आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांची गरज असते. आणि रक्ताची उलटी कोणतीही असो, घरी अंदाज न बांधता रुग्णालय गाठायचे.

हक्क मागायलाच हवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. परंतु आम्ही यंत्रासाठी भांडत होतो आणि शेजारी बसलेल्या आईला एक शब्द विचारला नव्हता, याची लाज वाटली.

परतताना गाडीत आजीने बाळ स्वतःच्या मांडीवर घेतले आणि सुनेला म्हणाली, "तू नीज जरा." येत्या रविवारी विहारात महिला मंडळापुढे हाच विषय ठेवला आहे. सासवांनी अवश्य यावे. आम्हा पुरुषांनीही.

जयभीम!