चार्जिंगच्या रांगेत

देशात पहिल्यांदा काही घडतंय आणि ते नागपुरात घडतंय, असं कळलं की आम्हा नागपूरकरांना मनापासून आनंद होतो. १९५६ साली राजधानीपण गमावलेल्या शहराला असा आनंद फार वेळा मिळत नाही. म्हणून २६ मे २०१७ रोजी विजेच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग इथे सुरू झाला, तेव्हा मीही खूश झालो होतो. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस, दोघेही इथलेच, हिरवा झेंडा दाखवायला उभे होते. ओला कंपनीने टॅक्सी, ई-रिक्षा, बस मिळून दोनशे वाहनं, पन्नास कोटींहून जास्त गुंतवणूक आणि चार ठिकाणी पन्नासावर चार्जिंग पॉइंट जाहीर केले होते. टॅक्सींमध्ये मुख्यतः महिंद्राची छोटी ई-टू-ओ प्लस होती. मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलला डिझेलच्या धुरात जो कुणी उभा राहिला असेल, त्याला या गाड्यांचं महत्त्व समजावून सांगायला नको. विजेची गाडी हवी, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

घोषणेतल्या या आकड्यांत एक गोष्ट मोजलीच नव्हती: चालकाचा वेळ.

डिझेलची गाडी पाच मिनिटांत भरून निघते. या विजेच्या गाडीला तासन्‌तास लागायचे, आणि पुढे चार गाड्या असतील तर आधी त्यांचं व्हायचं, मग आपलं. ते तास चालकाच्या खिशातून जातात. गाडी भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला त्या दिवसाचं भाडं भरावंच लागतं, मग गाडी रस्त्यावर असो की रांगेत. ई-टू-ओ प्लसची एका चार्जिंगमधली मजल कंपनीच्या कागदावर मॉडेलनुसार शंभर ते एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. कागदावर उन्हाळा नसतो. नागपुरात पारा पंचेचाळीसवर गेला की एसीशिवाय कुठलाही प्रवासी बसत नाही, आणि एसीही त्याच बॅटरीवर चालतो. शिवाय या शहरातल्या टॅक्सीवाल्याला बरे पैसे मिळतात ते बाहेरगावच्या भाड्यात. वर्धा इथून पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला माणसं नेऊन आणायची तर दीडशे. ते भाडं आलं की विजेच्या गाडीवाल्याने नाही म्हणायचं आणि शेजारच्या डिझेलवाल्याने घ्यायचं. हा हिशेब करायला अभियंता लागत नाही. स्टेशनसमोर उभा असलेला कुठलाही चालक तो तोंडी करून देतो. पण त्याला कुणी विचारावं, अशी पद्धतच नाही.

मग व्हायचं ते झालं. चार्जिंगसाठी थांबलेल्या गाड्यांनी रस्ता अडतो म्हणून वस्तीतल्या लोकांनी विरोध केला आणि एक केंद्र बंद करावं लागलं. त्या रहिवाशांवरही माझा राग नाही, त्यांच्या दारात रांग लावण्याआधी त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. २०१८ मध्ये रॉयटर्सच्या वार्ताहरांनी नागपुरातल्या वीस चालकांशी बोलून लिहिलं की त्यांतल्या डझनभराहून अधिक जणांनी विजेची गाडी परत करून डिझेल धरलं होतं किंवा ते तसं करायच्या बेतात होते. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, इंडियन ऑइलने इथल्या एका पेट्रोल पंपावर चार्जिंगची सोय केली होती. पाऊल योग्य होतं, पण ते गाड्यांच्या मागून आलं. रांग आधी लागली आणि सोय नंतर, हा क्रम ज्याने ठरवला त्याला स्वतःला कधीच रांगेत उभं राहायचं नव्हतं.

ओला कंपनीला या प्रयोगातून शिकायला मिळालं, असं म्हणतात. ते खरंच असेल. एप्रिल २०१८ मध्ये तिने वर्षभरात दहा हजार आणि २०२१ पर्यंत दहा लाख विजेची वाहनं रस्त्यावर आणायचं जाहीर केलं. २०२१ चा १५ ऑगस्ट आला तेव्हा त्याच घरातल्या नव्या कंपनीने विजेची स्कूटर बाजारात आणली. ई-टू-ओ प्लसचं उत्पादन २०१९ मध्येच थांबलं होतं. कंपन्यांनी दिशा बदलण्यात गैर काही नाही. धंद्यात चुकतं, सुधारतं, पुन्हा मांडलं जातं. मला खुपतं ते वेगळंच आहे. चुकण्याची किंमत कंपनीच्या ताळेबंदात एका ओळीत मावते. चालकाच्या घरात ती थकलेल्या हप्त्यात, उसनवारीत आणि पोरांच्या शाळेच्या फीमध्ये शिरते. शिकणारा एक आणि शिकवणीची फी भरणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे.

हे फक्त विजेच्या गाडीचं नाही. २०१७ च्या त्याच मे महिन्यात, नागपुरात झेंडा दाखवण्याच्या आठवडाभर आधी, जनरल मोटर्सने भारतात शेवरोले गाड्या विकणं वर्षअखेरीस थांबवणार असल्याचं सांगितलं होतं. विदर्भात ज्यांनी शेवरोलेची टवेरा घेऊन लग्नाची वऱ्हाडं वाहिली, त्यांना या निर्णयाचा अर्थ लगेच कळला असणार: उद्या ही गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक आधी विचारणार, पार्ट मिळतील ना. तळेगाव दाभाड्याचा कारखाना निर्यातीसाठी आणखी काही वर्षं चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादनही थांबलं. कामगारांचा लढा पुढे न्यायालयांत गेला. डेट्रॉइटमधल्या बैठकीत भारत हा विषय किती मिनिटं चालला असेल, असा प्रश्न मला पडतो.

प्रवाशाचंही तेच. २०१४ मध्ये स्कॅनियाची इथेनॉलवर चालणारी बस नागपुरात आली. पुढे ग्रीन बस या नावाने अशा पंचावन्न बसची सेवा ठरली. थंडगार, प्रशस्त बस होती ती. देणी आणि कराराच्या अटी यांवरून महापालिका आणि कंपनी यांचं बिनसलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सेवा थांबली. दोन्ही बाजूंकडे आपापली कागदपत्रं होती. थांब्यावर उभ्या माणसाकडे काहीच नव्हतं. करारात तो पक्षकारच नव्हता, जरी सगळा करार त्याच्या नावाने झाला होता.

गेल्या उन्हाळ्यात वर्धा रोडवरून येताना एका टॅक्सीचालकाने मला त्याचा फोन दाखवला. कंपनी कोणती, ते सोडून देऊ. आदल्या आठवड्यापर्यंत मिळणारा जास्तीचा मोबदला रातोरात बंद झाला होता आणि त्याला एक इंग्रजी संदेश आला होता. मी म्हटलं, विचारलं नाही का कुणाला? तो म्हणाला, "कोनाले इचारू भाऊ? तिकडं माणूसच नाई." त्याच्या आवाजात तक्रारसुद्धा उरली नव्हती. पूर्वी ऑटो युनियनचा अध्यक्ष असायचा, आरटीओच्या दारात घोषणा देता यायच्या, भाडं ठरवणारं सरकार कुठे बसतं ते ठाऊक असायचं. आता भाडं ठरवणारा दिसत नाही आणि मालक कोण, हेही करारात नीट सापडत नाही. कारण त्या करारात चालकाला भागीदार म्हटलेलं असतं.

एप्रिल २०२५ मध्ये सेबीने जेनसोल कंपनीच्या प्रवर्तकांवर पैसे वळवल्याचा ठपका ठेवला, आणि तिच्याशी जोडलेली ब्लूस्मार्ट ही विजेची टॅक्सीसेवा दिल्ली, बंगळूरु आणि मुंबईत एकदम थांबली. हजारो चालक एका दिवसात घरी बसले. नागपूरच्या प्रयोगाला आठ वर्षं होत आली होती आणि चालकाच्या वाट्याला अजूनही तेच येत होतं.

प्रयोग बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या शहराला स्वच्छ बस हवी, विजेची टॅक्सी हवी आणि ती आधी आमच्याकडे आली तर मला पुन्हा आनंदच होईल. पण कंपनीसोबत सरकार व्यासपीठावर बसतं, जागा देतं, सवलती देतं, तेव्हा अट घालण्याचा हक्क सरकारला आहे, आणि तो वापरणं हे त्याचं काम आहे. प्रयोग चालेल तितके महिने चालकाला ठरावीक किमान कमाईची लेखी हमी द्यावी. चार्जिंगसाठी थांबलेल्या तासांचं गाडीभाडं माफ करावं. कंपनीने काढता पाय घेतला तर गाडी, अनामत आणि कर्ज यांचं काय होईल, हे पहिल्याच दिवशी मराठीत लिहून त्याच्या हाती द्यावं. पन्नास कोटींच्या योजनेत यासाठी लागणारी रक्कम फार मोठी नसते. आणि ती देणं परवडत नसेल, तर तो प्रयोग अजून रस्त्यावर आणण्याजोगा झालेला नाही, असं कंपनीला सांगणारा एक तरी अधिकारी त्या बैठकीत असायला हवा.