वीतभर पाणी

मालवणला कॅमेरा घेऊन पाण्यात उतरते म्हटलं, की अंदमान-लक्षद्वीप करून आलेले मित्र हसतात. तिथं दिसतं काय, म्हणतात. खरंच आहे, पावसाळ्यानंतर पाणी निवळलं तरी बऱ्याचदा चार-पाच मीटरपलीकडे धूसरच. पण मला वीतभर पुरतं. लेन्स आणि जीव यांच्यामध्ये पाणी जितकं कमी, तितका गाळही कमी.

शिवाय हे गढूळपणच त्या जिवांना पोसतं. कर्लीसारख्या नद्या गाळाबरोबर पोषणद्रव्यं आणतात, त्यांवर प्लवक वाढतात, प्लवकांवर खडकाला चिकटलेली हायड्रॉइडची झुडपं जगतात. दिसायला झुडपं, पण असतात प्राणी. ती खायला येतात काही न्यूडीब्रँक, म्हणजे बालपणीचा शंख टाकून दिलेल्या समुद्री गोगलगाई. त्यांतल्या काही तर हायड्रॉइडच्या डंखपेशी पचवतच नाहीत. पाठीवरच्या झालरीच्या टोकांत साठवतात, स्वतःच्या रक्षणाला. उसनं हत्यार! म्हणून मी आधी जीव शोधत नाही, त्याचं ताट शोधते. वळसेदार फितीसारखी अंडी दिसली, की आई-बाप जवळपास असू शकतात (एकाच देहात दोन्ही, हे जीव उभयलिंगी).

दिवस ठरवतात तांडेलकाका. उधाणाच्या दिवसांत ते विषयच काढू देत नाहीत. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, पाण्याची ओढ कमी आणि गाळही बसलेला. वाऱ्याचं ॲप मीही बघते, पण शेवटचा शब्द काकांचा.

खाली गेलं की सगळा खेळ श्वासाचा. घेतला की अंग वर, सोडला की खाली. आणि एफ २२ लाही फोकसमध्ये येतात जेमतेम काही मिलिमीटर. श्वास रोखायचा नाही, हा डायव्हिंगचा पहिला नियम. मग तो सावकाश सोडता सोडताच क्लिक करायचं. हेलकाव्याबरोबर झुडूप जातं-येतं, त्याच्यामागे फोकस पळवण्यात अर्थ नसतो. मी अंतर पक्कं करते आणि गोगलगाईच्या डोक्यावरची, वास घेणारी शिंगं त्या अंतरात येईपर्यंत थांबते. स्ट्रोब सरळ समोर रोखले तर गाळाचा कण न् कण उजळून फोटोभर पांढरे ठिपके उठतात. म्हणून ते बाहेरच्या बाजूला वळवून प्रकाशाची फक्त कड जिवावर पाडायची. पण प्रकाश हवाच, कारण लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो. डोळ्यांना करडं दिसलेलं स्क्रीनवर केशरी निघतं.

मागचा भाग छान यावा म्हणून काहीजण काडीनं जीव उचलून दुसरीकडे ठेवतात. फोटो देखणा येतो. मला तो बघवत नाही. त्यात गोगलगाय असते, ती काय खात होती ते नसतं. आणि माझ्या वहीत तर तेच आधी उतरतं: झुडूप कसलं, खोली किती, तिथी कोणती.