अनादराला नम्रतेचे उत्तर

प्रिय भाच्यास,


समाज अनादराने वागत असेल तर ख्रिस्ती माणसाने त्याला कसे सामोरे जावे, या प्रश्नाचे सविस्तर उत्तर नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात सापडते. हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. राजाने काढलेल्या छळाच्या फर्मानाचा उल्लेख त्यात नाही. उल्लेख आहे तो निंदेचा, खोट्या आरोपांचा आणि जुन्या सोबत्यांनी नावे ठेवण्याचा. पूर्वी एकत्र बसून मद्यपान करणारी माणसे आता आपल्यात का येत नाहीत, याचे शेजाऱ्यांना नवल वाटे आणि त्या नवलाची पुढे निंदा होई. अशा निंदेचे पर्यवसान कशात होऊ शकते, हे त्याच भागात इ. स. ११२च्या सुमारास दिसून आले. रोमी सुभेदार प्लिनी याच्याकडे ख्रिस्ती लोकांची नावे लिहिलेले एक निनावी पत्रक आले होते. सम्राट त्राजानने निनावी तक्रारी स्वीकारू नयेत असे कळवले. पण आरोप सिद्ध झाला आणि आरोपीने विश्वास सोडला नाही, तर शिक्षा कायमच ठेवली.

त्या काळच्या रोमी जगात प्रतिष्ठेला फार मोल होते. घराणे, हुद्दा, नागरिकत्व, मेजवानीत मिळणारी जागा यांवरून माणसाची किंमत ठरे. नम्रपणा हा गुलामाला शोभणारा समजला जाई. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती आणि तेथे मानपानाची जाण तीव्र होती. नेमके तेथील मंडळीला प्रेषित पौलाने लिहिले की, ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचा मान धरून ठेवला नाही, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरण पत्करले. वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा होती. ख्रिस्ती नम्रतेचा पाया येथे आहे. माणसाची किंमत देवाने ठरवलेली असल्यामुळे ती शेजाऱ्याच्या शब्दाने वाढत नाही आणि कमीही होत नाही. ज्याला हे पटले आहे, त्याला प्रत्येक अपमानाची परतफेड करण्याची निकड उरत नाही.

याच पायावर पेत्र व्यवहारातले चार नियम सांगतो. पहिला, निंदेची फेड निंदेने करू नये. उलट निंदकाचे भले चिंतावे. दुसरा, आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर तयार असावे आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे. तिसरा, मान सर्वांना द्यावा. या ‘सर्वां’त सम्राटही येतो, मात्र भय धरायचे ते देवाचेच. चौथा नियम सहसा विसरला जातो. माणूस चोरीमुळे, दुष्कर्मामुळे किंवा दुसऱ्यांच्या कामात ढवळाढवळ केल्यामुळे बोलणी खात असेल, तर त्यात गौरव मानण्याजोगे काही नाही. प्रत्येक टीकेला छळ म्हणता येत नाही. टीका झाली की तिच्यात तथ्य किती आहे हे आधी तपासावे लागते, आणि ही तपासणी हा नम्रतेचाच भाग आहे.

नम्रता म्हणजे मुकेपणा, असा समज शास्त्राला धरून नाही. मुख्य याजकापुढे उभा असताना एका सेवकाने येशूला चपराक मारली. येशूने उलट हात उगारला नाही. पण मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असा सवाल त्याने केला. फिलिप्पैत पौल आणि त्याचा सहकारी सीला यांना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना गुपचूप सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा पौलाने आपले रोमी नागरिकत्व सांगितले आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे असा आग्रह धरला. कायद्याने दिलेला हक्क सांगणे त्याला नम्रतेविरुद्ध वाटले नाही.

या शिकवणीचा इतिहासात दुरुपयोगही झाला आहे. पेत्राच्या पत्रात दासांना केलेला उपदेश अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी ढाल म्हणून वापरला. म्हणून एक मर्यादा स्पष्ट ठेवावी लागते: नम्रता स्वतः आचरायची असते, बलवानाने ती दुर्बलावर लादली की ती जुलमाचे साधन बनते. अपमान स्वतःचा असेल तर माणूस तो सोसू शकतो, पण दुसऱ्यावर अन्याय होत असताना गप्प बसण्याला नम्रतेचे नाव देता येत नाही.

महाराष्ट्रात स्वतःचा अपमान सोसणे आणि दुसऱ्यासाठी बोलणे या दोन्ही बाजू पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात एकत्र दिसतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आरोपावरून ‘केसरी’ या वृत्तपत्राने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली प्रार्थना दाराआड लपवली नाही आणि सदनही बंद केले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. प्लेगच्या काळात पुण्यातील सरकारी रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी वृत्तपत्रात उघडपणे मांडली. बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधील धर्मभगिनींनी आज्ञापालनाची अपेक्षा केली, तेव्हाही सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवण्यास त्यांनी नकार दिला. मायदेशातील टीकाकार असोत, सरकार असो वा स्वतःचे धर्मबंधू, त्यांनी कोणापुढे सत्य झाकले नाही आणि सेवाही थांबवली नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांची ताटातूट झाली. त्या काळचे आप्तांचे बोल आणि एकटेपण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आले आहे, पण कोणावर सूड उगवण्यासाठी त्यांनी लेखणी उचलल्याचे कोठेही जाणवत नाही.

रोजच्या व्यवहारात या शिकवणीचा एक क्रम लागतो. टोमणा ऐकल्यावर लगेच उत्तर देऊ नये. त्यात खरे काही असेल तर मान्य करावे. खोटे असेल तर एकदा, स्पष्ट आणि सभ्य शब्दांत सांगावे, आणि समोरच्याला जातीवरून, धर्मावरून वा अज्ञानावरून हिणवू नये. हक्काची पायमल्ली होत असेल तर कायद्याचा मार्ग धरावा. तेथेही भाषा सत्य आणि मोजकी असावी. दुसऱ्याचा अपमान होत असेल तर त्याच्या बाजूने उभे राहावे. आणि ज्याने दुखावले त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याच्या अडचणीत मदतीला जावे.

अशा वागण्याने समाज बदलेलच, असे वचन पेत्र देत नाही. काही निंदक चांगली कामे पाहून देवाचा गौरव करतील, अशी आशा तो धरतो. काही निंदाच करत राहतील, हेही तो गृहीत धरतो. म्हणून नम्रतेचे यश परत मिळालेल्या मानावरून ठरत नाही. अनादर झाल्यावरही माणूस खरे बोलला का आणि समोरच्याचा मान राखला का, एवढ्यावरच ते ठरते.

तुझा,
मामा