सेंद्रिय

कार्बनला चार हात असतात, असं सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं आणि मी निर्धास्त झालो. चार हातांचे देव आम्ही जळकोटला लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यांच्यापुढं नारळ फोडला की आपलं काम संपतं. पण कार्बनचं प्रकरण वेगळं निघालं. तो चारही हातांनी दुसऱ्याला धरतो, कुणी नाही मिळालं तर आपल्याच भाऊबंदांना धरतो, आणि मग त्या साखळ्या, फांद्या, कडी आपण वहीत काढत बसायचं.

दहावीपर्यंत मी सुखानं प्राणवायूवर जगत होतो. उदगीरला बीएस्सीला गेलो आणि एकदम ऑक्सिजन घ्यायची वेळ आली. पुस्तक इंग्रजीत, सर इंग्रजीत, आम्ही मात्र मागच्या बाकावर शुद्ध मराठीत.

तरी मी मन लावून वाचत असे. केकुले नावाच्या जर्मन गृहस्थांना पेंगताना आपलीच शेपटी तोंडात धरलेला साप दिसला म्हणे, आणि त्यातून बेंझीनचं कडं सुचलं. ते त्यांनी १८६५ साली जाहीर केलं. साप आमच्या रूमवरही निघाला होता. आम्ही काठी शोधली. रचना शोधायचं कुणालाच सुचलं नाही. पुढं मार्कोव्हनिकोव्हचा नियम आला. दुहेरी बंधावर हायड्रोजन ब्रोमाइड आलं, की ज्या कार्बनपाशी आधीच जास्त हायड्रोजन असतील, त्यालाच आणखी एक मिळतो. हे कळायला रशियापर्यंत कशाला जायला हवं? आमच्याकडं कर्जवाटपाच्या दिवशी हेच दिसायचं. हा एक नियम मला तोंडपाठ झाला. पेपरात नेमका तोच आला नाही, आणि मी नापास झालो.

अण्णा काही बोलले नाहीत. माझ्या फीसाठी त्यांनी म्हैस विकली होती. माय चहात दूध घालताना भांडं जरा जास्तच वाकवून बघायची, एवढंच.

दुसऱ्या खेपेला लेखी पेपर कसाबसा निभावला. राहिलं प्रॅक्टिकल. ते गेलं असतं तर वर्ष जाणार होतं. म्हैस तर आधीच गेलेली. पुडीत पांढरे खडे मिळाले. ओळखा! पांढरं म्हटल्यावर बेंझोइक ॲसिडही पांढरं, नॅप्थॅलीनही पांढरं. पैकी नॅप्थॅलीन म्हणजे डांबरगोळी, ती ट्रंकेतल्या वासानं ओळखली असती. याला वासच नाही. घाबरून थोडे खडे परीक्षानळीत टाकले, पाणी ओतलं, हलवलं, आणि नळी बोटांना गार लागली.

गार लागली आणि मी एकदम आमच्या शेतात पोचलो. अण्णा फवारणीसाठी बादलीत युरिया कालवायचे. तो विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो आणि बादली गार पडते. भर उन्हात तिला गाल लावून बसायचा माझा धंदा होता, आणि त्याबद्दल मी बोलणीही खात असे.

मग रीतसर बायुरेट चाचणी केली. खडे कोरड्या नळीत तापवले, अमोनियाचा झणका नाकात गेला. उरलेलं पाण्यात घेऊन त्यात कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचे दोन थेंब टाकले. जांभळा रंग आला! असा जांभळा मी नंतर कुठल्या पैठणीतही पाहिला नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘‘आधी युरियाचीच शंका का आली?’’

‘‘सर, नळी गार लागली.’’

‘‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’’

‘‘पुस्तकात नाही सर, बादलीत आहे.’’

ते हसले. मी पास झालो.

गावी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात, अशी पूर्वी समजूत होती. १८२८ साली व्होलर नावाच्या माणसानं प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला. आमच्या शास्त्राचा जन्मच युरियातून झाला म्हणा ना. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे म्हैस वाया नाही गेली.’’

पुढं बऱ्याच वर्षांनी गावात सेंद्रिय शेतीवर भाषण झालं. साहेबांनी बजावून सांगितलं, सेंद्रिय शेती करायची तर युरियाचा एक दाणासुद्धा टाकायचा नाही. रात्री अण्णांनी मला जवळ बोलावलं.

‘‘तू म्हणलास, युरिया सेंद्रिय. साहेब म्हणतो, युरिया टाकला की सेंद्रिय नाही. कोण खरं बोलूलालंय?’’

मी म्हणालो, ‘‘अण्णा, दोघंही.’’

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग मायला म्हणाले, ‘‘ऐकलीस का? एका म्हशीत एवढंच शिकलाय. अजून एक विकाय पाहिजे होती.’’